ठिगळ शाबूत, शेजारचं कापड फाटतं: असं पुन्हापुन्हा का होतं?

सजावटी दुरुस्तीबद्दल, म्हणजे फाटक्या जागी मुद्दाम दिसेल असं ठिगळ लावून भरतकाम करण्याबद्दल, तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: “एवढं छान भरलं होतं, चार धुण्यांत परत फाटलं.” कपडा हातात घेऊन पाहावं तर ठिगळाला काहीच झालेलं नसतं. टाके जागच्या जागी, रंग ताजे. फाटलेलं असतं ते ठिगळाला अगदी लागून, ब्लेडने कापावं तसं सरळ. मग आपण त्या चिरेवर नवं ठिगळ लावतो, या वेळी जरा जाड, आणि महिनाभराने त्याच्याही शेजारी चीर पडते.

माझ्या एका जीन्सच्या डाव्या गुडघ्यावर हे तीनदा झालं. मूळ भोक शर्टाच्या बटणाएवढं. आतून नव्याकोऱ्या जाड डेनिमचा चौकोन लावला आणि वरून पांढऱ्या दोऱ्याने साशिकोचा, म्हणजे जपानी धावदोऱ्याच्या भरतकामाचा, नमुना भरला. ओळी पट्टीने आखलेल्या, सगळ्या एका रेषेवर सुरू होऊन एका रेषेवर संपलेल्या, चारही कडांना दाट काजाचा टाका. फ्रेम करून भिंतीवर लावावं असं काम झालं होतं. पहिल्यांदा वरच्या कडेला फाटलं, मग खालच्या. तिसऱ्या ठिगळानंतर गुडघ्याला ढाल बांधल्यासारखं वाटायला लागलं; जिना चढताना पँट वाकायचीच नाही, वर सरकायची. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की दुरुस्ती कमी पडत नव्हती, जास्त होत होती.

पटत नसेल तर वहीचं एक पान घ्या, मधोमध चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि पान गोल वाकवून बघा. पट्टीवर ते वाकत नाही. पट्टी जिथे संपते तिथे मोडतं. कपड्याचंही हेच. वापरून मऊ झालेलं, अर्धं विरलेलं कापड आणि त्याला चिकटून ताठ ठिगळ. बसताना, उठताना, मशीनमध्ये गरगर फिरताना येणारा सगळा ताण त्या दोघांच्या सीमेवर जमा होतो. सीमा जितकी सरळ आणि ठसठशीत, तितकं कापड लवकर हार मानतं.

आधी चीर वाचा

सुई हातात घेण्याआधी फाटलेली जागा नीट पाहायची. ती बरंच काही सांगते.

ठिगळाच्या कडेला समांतर, सलग चीर असेल तर ठिगळ किंवा त्याची कड फार ताठ झाली आहे. टाक्यांच्या ओळीत टिंबाटिंबांची भोकं पडून ती एकमेकांना मिळाली असतील तर सुई जाड, दोरा जाड किंवा टाके अती दाट आहेत. आपण भरतकाम नाही, तिकिटावरची फाडायची रेघ तयार केली आहे. आणि टाके कापडाचे बारीक तुकडे सोबत घेऊन निघून आले असतील, त्यांच्या टोकांना दशा लोंबत असतील, तर दुरुस्तीची सुरुवातच विरलेल्या कापडात झाली होती. ही तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

भोक आपल्याला दिसतं, पण भोकाभोवतीचं विरलेलं कापड दिसत नाही. ते उजेडातच कळतं. कपडा खिडकीवर किंवा दिव्यासमोर धरा. भोकाच्या सभोवती जिथे उजेड जास्त झिरपतो तिथपर्यंत कापड दमलेलं आहे. त्या हद्दीवर खडूने रेघ मारा. माझ्या जीन्सवर बटणाएवढ्या भोकाभोवती ही रेघ जवळजवळ तळहाताएवढी निघाली. माझा पहिला चौकोन पूर्णच्या पूर्ण त्या रेघेच्या आत बसत होता, म्हणजे भुसभुशीत मातीत खांब रोवल्यासारखं झालं होतं. ठिगळाची कड या रेघेच्या बाहेर निदान दोन सेंटीमीटर गेली पाहिजे. गुडघा, कोपर, मांडीची आतली बाजू अशा घासणाऱ्या जागी तीन.

“मग ठिगळ फारच मोठं दिसेल.” दिसू द्या. सजावटी दुरुस्तीत दिसणं हाच तर हेतू आहे. लपवायचंच असतं तर रफूवाल्याकडे दिलं असतं.

डेनिमची एक खुबी

गुडघ्यावर फाटलेली जीन्स जवळून पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. निळे उभे धागे तुटून गेलेले असतात आणि पांढरे आडवे धागे मात्र शिडीच्या पायऱ्यांसारखे तसेच ताणलेले असतात. कारण विणीत आहे. डेनिममध्ये उभा धागा निळा, आडवा बहुधा पांढरा, आणि निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन चौथ्याखाली जातो. म्हणजे वरच्या बाजूला जवळपास सगळा निळाच असतो, घासणं तोच सोसतो आणि आधी तोच जातो.

बहुतेक जण ठिगळ लावायच्या आधी ही पांढरी जाळी “साफ करतो” म्हणून कापून टाकतात. नका कापू. ती तयार आडवण आहे. मागे पातळ सुती कापड ठेवून सुईने फक्त उभे धागे भरायचे: एका पांढऱ्या धाग्यावरून, दुसऱ्याखालून, पुढच्या ओळीत उलट. भोकाच्या वर आणि खाली चांगल्या कापडात शिरून मगच वळायचं. निळ्याऐवजी मोहरी, विटकरी, गडद हिरवा असे रंग आळीपाळीने घेतले तर चौकटीच्या लुंगीसारखा छोटा तुकडा तिथेच विणून निघतो. माझ्या मते सगळ्या सजावटी दुरुस्त्यांमध्ये हिच्यासारखी देखणी दुसरी नाही, आणि ती मूळ कापडासारखीच वाकते.

ठिगळाचं कापड: मजबूत नको, मिळतंजुळतं हवं

हात आपोआप जाड कापडाकडे जातो. तो आवरायचा. ठिगळ मूळ कापडाच्या आजच्या अवस्थेइतकं जाड हवं, नवीन असतानाच्या नव्हे. पाच वर्षं वापरलेल्या जीन्सला दुसऱ्या जुन्या जीन्सचा पायाचा मागचा भाग बेस्ट. तिथे कापड कमी घासलेलं असतं पण धुऊन मऊ झालेलं असतं. सुती शर्टाला जुन्या शर्टाचं किंवा चादरीचं कापड.

ठिगळाचा उभा धागा आणि कपड्याचा उभा धागा एकाच दिशेला ठेवा. तिरका तुकडा ताणला जातो, मूळ कापड ताणलं जात नाही, आणि दोघांची रस्सीखेच सुरू होते. छापील कापडावर नक्षीच्या मोहात आपण तुकडा हवा तसा फिरवतो, हे मला माहीत आहे. मीही फिरवलाय, आणि त्या शर्टाची कोपरं आजही पिळलेली दिसतात.

कोपरे गोल कापा. चौकोनाच्या टोकाला ताण एका बिंदूवर येतो.

आता कड. शाळेत शिकवतात तशी कड आत दुमडून शिवली की तिथे कापडाचे एकदम तीन थर होतात आणि ठिगळाच्या मधल्या भागापेक्षा कडच जाड होते. आतून लावायच्या ठिगळाला दुमड देऊच नये. चारही बाजूंनी चार-पाच धागे ओढून काढा, बारीक झालर राहू द्या. जाडी पायरीसारखी एकदम न संपता उतारासारखी विरत जाते. त्या दशा वरच्या टाक्यांत आपोआप अडकतात. आत सुटत जातील ही भीती मलाही होती, पण तसं झालं नाही. वरून लावलेल्या ठिगळाला दुमड लागतेच. मग त्याची भरपाई टाक्यांनी करायची.

ती कशी, तर ठिगळावरच्या ओळी ठिगळाच्या कडेला थांबवायच्या नाहीत. एक ओळ कडेबाहेर अर्धा सेंटीमीटर, पुढची दोन, त्याच्या पुढची एक, अशी वेडीवाकडी. सूर्याच्या किरणांसारख्या किंवा गवताच्या पात्यांसारख्या ओळी काढल्या तर हा वेडेवाकडेपणा नक्षीच वाटतो. रफू करणारे कारागीर फार पूर्वीपासून ओळींची टोकं मागेपुढे ठेवत आले आहेत, त्याचं कारण हेच.

साशिकोबद्दलही इथेच सांगते, कारण माझ्यासारखी चूक अनेकांची होते. उत्तर जपानच्या थंड भागात कापूस पिकत नसे, कपडे हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या) धाग्याचे असत, आणि ऊब व मजबुती यावी म्हणून सबंध कापडावरच धावदोरा घातला जाई. बरेचदा फाटायच्या आधीच. सगळं कापड एकसारखं जाड, त्यामुळे मध्ये सीमाच नाही. आपण त्यातली नक्षी तेवढी उचलतो आणि गुडघ्यावर वीतभर चौकोनात कोंबतो. नमुना साशिकोचा, वागणूक मात्र पुठ्ठ्याची.

इस्त्रीने चिकटणाऱ्या ठिगळांबद्दल विचाराल तर, गोंदाची कड सगळ्यात ताठ. घाईत एखाद्या दिवसापुरतं ठीक आहे.

दोरा आणि सुई

दोरा कापडापेक्षा किंचित कमजोर असावा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण ताण आला तर तुटायला काहीतरी हवं, आणि टाका तुटला तर पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. विरलेल्या सुती शर्टावर पॉलिस्टरचा चिवट दोरा घातलात तर तो स्वतः तुटत नाही, कापडालाच कापत जातो. सुती कपड्याला सुती दोरा.

भरतकामाच्या लडीत साधारणपणे सहा पदर असतात. पातळ शर्टावर दोन पदर, डेनिमवर तीन. सहाच्या सहा ओवून “उठून दिसतं” म्हणणाऱ्यांनी कापडाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून पाहावं. पदर एकेक करून ओढून काढायचे आणि मग पुन्हा एकत्र करायचे. एकदम दोन ओढले की गुंता झालाच म्हणून समजा. साशिकोचा खास दोरा सैल पिळाचा असतो, त्याचे पदर मात्र वेगळे करायचे नसतात.

चकाकणारा रेयॉनचा दोरा रोज धुतल्या जाणाऱ्या कपड्याला नको. रेयॉन ओलं असताना बरंच कमजोर होतं, सुताचं उलट. सूत ओलं झालं की जास्त चिवट होतं. लोकरीचा धागा सुती कापडावर फार सुरेख दिसतो, पण गरम पाण्यात आणि घुसळण्यात लोकर आटते नि नमद्यासारखी घट्ट होते. मी एकदा पिशवीवर लोकरीची फुलं भरली होती. एका धुण्यात प्रत्येक फुलाभोवती कापड गोळा होऊन वाटी झाली. वाईट दिसत नव्हती खरं तर, पण ठरवून केलेली नव्हती.

सुई दोऱ्याला जेमतेम वाट करून देईल एवढीच जाड घ्या. टाका तीन ते पाच मिलिमीटर. विरलेल्या जागी टाके दाट घालायचा मोह होतो, तिथेच ते विरळ हवेत. प्रत्येक टाका म्हणजे दोन भोकं.

चुण्या पडत असतील तर

एकच प्रश्न विचारा: चुण्या धुण्याआधीच होत्या की धुतल्यावर आल्या?

आधीच होत्या तर दोष हाताचा आहे. धावदोऱ्यात सुईवर सात-आठ टाके घेऊन दोरा ओढला की कापड गोळा होतं. ओळ संपली की लगेच अंगठा आणि तर्जनीमध्ये ओळ धरून सुरुवातीकडून शेवटाकडे कापड सपाट करत जायचं, दोरा हवा तेवढा आत परत जाऊ द्यायचा. वळताना मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा सैल फास सोडायचा. तो फास म्हणजे दोऱ्याची शिल्लक. कापड ताणलं गेलं किंवा दोरा आटला तर तिथून पुरवठा होतो. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड ढोलकीसारखं ताणून भरत असाल तर तेही थांबवा. ताणलेल्या कापडावर सपाट दिसणारं ठिगळ रिंग काढताच फुगतं. दुरुस्तीसाठी मी रिंग वापरतच नाही. आतून उलटी वाटी धरते. गुडघ्या-कोपराला तर वाटीच हवी, कारण तिथलं कापड वाकल्यावर जास्त जागा मागतं आणि सपाट टेबलावर लावलेलं ठिगळ ती देत नाही.

धुतल्यावर आल्या असतील तर काहीतरी आटलं आहे, बहुधा ठिगळ. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभरात तीन ते पाच भाग सहज आटतं. कच्चं डेनिम तर दहापर्यंत. तयार कपड्यांचं बरंचसं कापड कारखान्यातच दाबून आटवलेलं असतं, ती सॅन्फोरायझिंगची रीत सॅनफर्ड क्लूएट यांनी शोधली आणि 1930 साली तिचं पेटंट घेतलं. पण तुमच्या हातातला तुकडा त्यातून गेला आहे की नाही हे बघून कळत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचा. दहा सेंटीमीटरचं ठिगळ अर्धा सेंटीमीटर आटलं की भोवतालच्या कापडाला तेवढ्या चुण्या पडणारच.

पडलेल्या चुण्या इस्त्रीने जात नाहीत. मागचे फास असतील तर सुईच्या टोकाने थोडा थोडा दोरा सोडवून घेता येतो. नसतील तर एकाआड एक ओळ उसवून सैल घाला. सगळं उसवायची गरज सहसा पडत नाही.

रंग सुटण्याचं थोडक्यात: गडद लाल, गडद निळा, काळा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. डाग पडला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात खळखळा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने सुताचा रंग पक्का होत नाही, कितीही जणांनी सांगितलं तरी. निळीचा प्रश्न निराळा, ती धाग्याच्या वरवरच बसलेली असते आणि नुसत्या घासण्याने उतरते. नव्या निळ्या डेनिमशेजारी फिक्या रंगाचा दोरा हळूहळू निळसर होणारच.

टी-शर्ट आणि विणीचे कपडे

वरचं बहुतेक सगळं विणकरी, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या, कापडाचं झालं. टी-शर्टाचं कापड फाशांचं बनलेलं असतं, ते ताणलं जातं, आणि त्यावर न ताणली जाणारी कुठलीही सरळ टीप टाकली की अंगावर चढवताना “टच्” असा आवाज येतो. तुटतो तो दोरा, पण खेच फाशांवर आलेली असते. ठिगळही टी-शर्टाचंच घ्या, ताणाची दिशा जुळवा, टाके नागमोडी किंवा गहूटाक्यासारखे तिरके घाला म्हणजे तेही थोडे उघडतील. सुई बॉलपॉइंटची, म्हणजे गोलसर टोकाची; टोकदार सुई फासा फोडते आणि तिथून शिडी सुरू होते.

मग त्या जीन्सचं काय केलं

तिन्ही ठिगळं उसवली. एका बाजूची साधी शिवण, म्हणजे दुहेरी टीप नसलेली, गुडघ्याच्या वरखाली वीतभर उघडली. पायाच्या नळीत हात घालून शिवण्यापेक्षा हे दहापट सोपं, आणि हे आधी न केल्याचं फार वाईट वाटलं. आत चार धुणी झालेल्या जुन्या सुती पडद्याचा लंबगोल तुकडा, कडेला दशा सोडलेल्या, वाटीवर बेतून कच्चा टाका घातला. उरलेल्या पांढऱ्या धाग्यांमधून विटकरी दोऱ्याने उभी भरण केली. बाकी लंबगोलावर दोन पदरांचा विरळ धावदोरा, ओळी वर मांडीकडे आणि खाली नडगीकडे कमीजास्त लांब पळालेल्या. लांबून पाहिलं तर वाळलेलं गवत वाऱ्यावर झुकल्यासारखं दिसतं. आधीच्या चौकोनाच्या तुलनेत गबाळं आहे. पावसाळा आणि हिवाळा काढला, कड अजून धड आहे. दोन टाके तुटले, ते बदलले.

सगळेच कपडे मात्र असे हाताला लागत नाहीत. उजेडात धरून झाल्यावर चांगल्या वाटणाऱ्या भागात दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हळूच ताणा. टर्रकन फाटलं तर तिथे कुठलाही टाका उभा राहणार नाही. माझा लिननचा एक शर्ट असाच गेला, खांद्यापासून पाठीपर्यंत. त्याची पाठ गेली, पण खिशामागचा तुकडा, कफ आणि पुढच्या पट्टीखालचं कापड अजून घट्ट होतं. ते कापून, धुऊन ठिगळांच्या डब्यात ठेवलं आहे, बटणं वेगळ्या बरणीत.